लाइट आल्यावर चालू होणारा पंप

पंप बंद पडला तेव्हा नथानियल जेवायला बसला होता. टाकी बाहेरच्या खोलीत, आणि तिची घरघर घरात इतकी मुरलेली की एरवी ती ऐकूच यायची नाही. ती थांबली आणि रस्त्यावरच्या सायकलची घंटी एकदम कानाशी वाजल्यासारखी झाली. काय झालं ते त्याला कळलं होतं. तरी त्याने ताटातला भात संपवला, ताट धुऊन पालथं घातलं, आणि मग बाहेर जाऊन पाहिलं. टाकीतलं पाणी उभं राहिलं होतं. दोन केशरी मासे समुद्रफुलाला, खडकाला धरून झुलणाऱ्या त्या फुलासारख्या जिवाला, चिकटून होते. निळा मासा वर येऊन तोंड उघडमिट करत होता.

नथानियल अष्टमकर रोह्याजवळ अष्टमी गावात राहायचा, कुंडलिका नदीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर. धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळून नुकताच रिटायर झालेला. बायको मिरियम लेकीच्या बाळंतपणासाठी इस्रायलला गेली होती ती तिकडचीच झाली. आधी बाळ लहान म्हणून, मग तामार कामाला जाते म्हणून, आणि नंतर कारण सांगायचंही राहिलं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. अष्टमीतली त्यांच्या ज्यू समाजाची बाकीची माणसं अशीच एकेक घर बंद करून गेली होती, तशी मिरियमही गेली. फरक एवढाच की तिच्या घराला कुलूप लागलं नाही, कारण आत नवरा होता.

तिला विमानतळावर सोडून परत येताना आपल्याला रडू येईल असं नथानियलला वाटलं होतं. आलं नाही. पुढे काही दिवस त्याने त्याची वाट पाहिली, दाराशी पाहुण्याची पाहावी तशी. मग तेही सुटलं. सकाळी उठायचं, चहा करायचा, बाजारात जायचं. कुणी विचारलं बरं आहे का, तर बरं आहे म्हणायचं. खोटं वाटायचं नाही, खरंही वाटायचं नाही.

टाकी खरं तर त्याची नव्हती. कंपनीतले देवस्थळी साहेब हौशी माणूस. चार फुटी काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी भरून त्यांनी मुंबईहून आणलेले मासे पाळले होते. त्यांची वापीला बदली झाली तेव्हा म्हणाले, "अष्टमकर, थोडे महिने सांभाळा. तिकडे घर लागलं की घेऊन जातो." नथानियल नाही म्हणाला नाही. मिरियम तेव्हा इथेच होती. तिने टाकीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "समुद्र काय पळून चाललाय, म्हणून घरात आणून कोंडलाय?" साहेबांनी नंतर टाकीचं नाव काढलं नाही. मिरियम गेली, टाकी राहिली.

पंप बंद पडला त्या दिवशी संध्याकाळी कमळाकर म्हात्रे आला. कमळाकर त्याच कंपनीत पॅकिंगला होता. मूळचा पेणच्या खाडीकडचा, मिठागरावर राबलेलं घर; आता वरसे गावात बिऱ्हाड. महिन्यातून एकदा मेहुण्याच्या टेम्पोतून रेवदंड्याकडचं समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. माशांचा नाद नथानियलपेक्षा त्यालाच जास्त.

"जळला ह्यो," पंप उलटासुलटा करून कमळाकर म्हणाला. "आता दुसरा बगाया लागंल. तवर माज्याकडं कूलरचा हाय, त्यो लावू."

कूलरचा पंप बसला. पाणी फिरायला लागलं, निळा मासा खाली गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्याला तांबूस झाक आली. नथानियलने वाळू नीट करायला हात आत घातला तर खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. तो तसाच उभा राहिला. झिणझिण्या येताहेत हे त्याला कळत होतं, पण हात बाहेर काढायला हवा हे काही सुचत नव्हतं. कमळाकर शिफ्ट संपवून दारातून आत येत होता, त्याने झेप घेऊन बटण बंद केलं.

"नथाभाऊ, करंट लागतोय तुमाला."

"व्हय," नथानियल म्हणाला. "लागतोय खरा."

कमळाकरने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग पंप बाहेर काढला. स्क्रू गंजून सुजले होते. "खाऱ्या पान्याला लोखंड म्हंजे खाऊच," तो म्हणाला. "आमचं मिठागरावरचं फावडं वरसभर टिकायचं नाय. याला लोखंड नसलेला पंप पायजे."

असा पंप कसा असतो ते देवस्थळी साहेबांनी जाताना सांगितलं होतं. मोटर पूर्ण सीलबंद असते, आतला पंखा लोहचुंबकावर फिरतो, आणि त्याची दांडी चिनी मातीची असते. खाणार काय, गंजणार काय. पण तो घ्यायचा कुठे, हे त्यांनी सांगितलं होतं तर नथानियलच्या लक्षात राहिलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर मिरियमचा फोन यायचा. बूथवाला त्याच्यासाठी स्टूल मोकळं करून ठेवायचा. आधी तामारच्या मुलाचं, मग तब्येतीचं, मग मिरियम ठरलेला प्रश्न विचारायची.

"मग कधी निघताय?"

"निघालो असतो गो. पंप जळलाय."

"कसला पंप?"

"माशांचा."

आधीच्या वेळी पासपोर्ट होता. त्याच्याआधी घराचं कौल होतं. त्याच्याआधी कंपनीचे कागद होते. मिरियमने ते एकेक ऐकून घेतलं होतं.

"नवीन घ्या मग," ती म्हणाली.

"घेणार. पण भरवशाचा पायजे. मी इथे नसताना चालला पायजे. कमळाकर तरी शिफ्ट सोडून किती धावंल?"

"म्हणजे भरवशाचा पंप मिळाला की येणार तुम्ही?"

नथानियल म्हणाला, "व्हय." एवढं बोलून त्याला हलकं वाटलं नाही की जड वाटलं नाही. बूथवाल्याच्या काचेवर एक पाल होती, तिच्याकडे तो बघत राहिला.

"कसा असतो तो, नीट सांगा मला," मिरियम म्हणाली. त्याने सांगितलं: लोहचुंबक, चिनी मातीची दांडी, खाऱ्या पाण्याला चालणारा. तिने दोनदा विचारून घेतलं.

दोन दिवसांनी तो पॅसेंजरने पेणला गेला. पेणच्या बाजारात शिवा नावाच्या माणसाचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. गणपतीच्या देखाव्यांतली कारंजी उडवायला लागणारे छोटे पंप तो ठेवायचा. शिवाने चार पंप काउंटरवर मांडले. नथानियलने प्रत्येकाचं झाकण उघडून दांडी पाहिली. तिनांत लोखंडाची. एकात पांढरी.

"हा परदेशी नमुन्यावर बनवलाय," शिवा म्हणाला. "कारंज्यावाले हाच नेतात."

"खाऱ्या पाण्यात चालंल?"

"खाऱ्या पाण्यात कारंजं कोण लावतो, काका? पण चालायला हरकत नाय."

त्याने तो घेतला. पंप चालला. पाणी तांबूस झालं नाही, झिणझिण्या आल्या नाहीत. खोड कळली ती लाइट गेल्यावर. लाइट परत आली आणि पंप नुसताच गुणगुणायला लागला. पंखा फिरत नव्हता. नथानियलने त्याला पाण्यातच दोन टिचक्या मारल्या, तेव्हा तो सुरू झाला. त्यानंतर दर वेळी तसंच. लाइट तर त्या दिवसांत केव्हाही जायची. नथानियल घरात असला की उठून टिचकी मारायचा. नसला की कमळाकर येता-जाता मारायचा. कमळाकर म्हणाला, "ह्यो भरवशाचा नव्हं. ह्यो हट्टी हाय." पण दुसरा आणायला मुंबईला जायला हवं होतं, आणि ते नथानियल आज-उद्यावर टाकत गेला. फोनवर त्याने मिरियमला खोड सांगितली. ती "बरं" म्हणाली.

पावसाळा सरता सरता दरफाळणीचा सण आला. त्यांच्या लोकांचा तो सर्वांत मोठा उपास. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत दार लावून बसायचं, पांढरे कपडे घालून दिवसभर प्रार्थना करायची. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. रोह्याकडचे तेवढे भरेनासे झाले होते, पेणचेही जेमतेम. पेणच्या जेकबकाका पेणकरांनी निरोप पाठवला, नऊ आहेत, तू ये.

नथानियलने कमळाकरला टाकीकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि पेणला गेला.

"काका, माझं मन लागत नाय प्रार्थनेत," बसायच्या आधी तो म्हणाला. असं काही आपण बोलू हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

जेकबकाका ऐंशीच्या घरातले. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "नसंल लागत. तू नुसता बस. तू बसलास की दहा होतात."

तो दिवसभर बसला. पुस्तकाची पानं इतरांबरोबर उलटली, इतरांबरोबर उभा राहिला. त्या रात्री काकांकडेच झोपला आणि सकाळच्या गाडीने परत निघाला. निडी स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा तो खिडकीतून कापायला आलेली भातशेतं बघत बसला.

घरात शिरताच वास आला. कमळाकर टाकीपुढे जमिनीवर बसलेला. टाकीतलं पाणी दुधासारखं गढूळ. समुद्रफूल सडून विरघळलं होतं आणि त्याने सगळं पाणी नासवलं होतं. निळा मासा आडवा तरंगत होता. एक केशरी मासा तळाला होता. दुसरा, लहान, कमळाकरने बादलीत काढून ठेवला होता; कॅनमधलं साठवणीचं पाणी त्याच्या उपयोगी पडलं होतं. तो अजून कल्ले हलवत होता.

"आवाज येत व्हता हो," कमळाकर म्हणाला. त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. "काल मला डबल शिफ्ट लागली. जाताना डोकावलो, आवाज ऐकला. येताना डोकावलो, आवाज ऐकला. मला वाटला चालू हाय. नुसता गुणगुणत व्हता भडवा. मी हात लावून बगायला पायजे व्हता."

"तू काय करणार?" नथानियल म्हणाला.

"तुमी मला बोला तरी."

नथानियलने मेलेले मासे फडक्यात घेतले आणि पुलाखाली जाऊन पाण्यात सोडले. परत येऊन नळी लावून टाकी उपसली. वाळू धुतली, काच पुसली. कमळाकर बादल्या वाहत होता आणि मधूनच बाहीने नाक पुसत होता. ते मासे गेल्याचं दुःख कमळाकरला झालंय हे नथानियलला दिसत होतं, आणि ते आपल्याला व्हायला हवं होतं हेही. दुसऱ्याच्या हातावरचा चटका बघावा तसा तो बघत होता.

कमळाकरच्या बायकोने, पुतळीने, त्या दिवशी डबा पाठवला. तो त्याने खाल्ला. काय होतं ते संध्याकाळी त्याला आठवेना.

लहान मासा जगला. कमळाकरने नवं पाणी आणून दिलं आणि एवढ्या मोठ्या टाकीत तो एकटा फिरू लागला. शिवाकडचा हट्टी पंपच चालू होता. नथानियल आता टाकीसमोरच खाट टाकून झोपायचा. फोनवर मिरियमने विचारलं, मासे कसे आहेत. तो म्हणाला, बरे हायत.

थंडी पडायला लागली तेव्हा जेकबकाकांचा मुलगा सायमन इस्रायलहून बापाला न्यायला आला. नथानियलला निरोप आला: मिरियमवहिनींनी काही दिलंय, घेऊन जा. तो पेणला गेला तेव्हा काकांच्या घरात पेट्या बांधून तयार होत्या. काका खुर्चीत बसून कोणती भांडी कुणाला द्यायची ते सांगत होते.

सायमनने टॉवेलात गुंडाळलेला खोका काढून दिला. आत पंप होता. मुठीएवढा, काळा, गुळगुळीत.

"हा कसा आणलाय ते ऐका आधी," सायमन म्हणाला. "वहिनी एकट्या गेल्या दुकानात. तामारला सुट्टी नव्हती. ह्यांना तिकडची भाषा येते ती भाजी घेण्यापुरती. दुकानदाराने एक पंप दाखवला. ह्यांनी झाकण काढायला लावून दांडी बघितली. मग म्हणाल्या, चालू कर. त्याने पाण्यात सोडून चालू केला. ह्यांनी वायर ओढून काढली. त्याला वाटलं चुकून ओढली. त्याने परत लावली, ह्यांनी परत ओढली. तो म्हणतोय, बाई, असं कशाला करता? ह्या हातवारे करून सांगताहेत, आमच्याकडे लाइट जाते. दिवसातून एवढ्या वेळा लाइट जाते, हे त्याला काही केल्या पटेना. दुकानातले सगळे पंप त्यांनी असे चालू-बंद करायला लावले. तीन दिवस जात होत्या. शेवटी तो त्यांना बघितलं की हसायचा, स्टूल द्यायचा बसायला."

"तीन दिवस?" नथानियलने विचारलं.

"मी शेजारीच राहतो ना. तिसऱ्या दिवशी मलाच नेलं दुभाषा म्हणून."

जेकबकाका खुर्चीतून म्हणाले, "बाईला माशांचा एवढा लळा आहे होय?"

"नाय," नथानियल म्हणाला. "तिला मासे आवडत नायत."

घरी येऊन त्याने पंप बसवला. पिन वेगळी होती. कमळाकरने ती कापून इथली लावली. पंपाचा आवाजच येईना. चालू आहे की नाही हे वाळूवरून सरकणाऱ्या पाण्याकडे बघूनच कळायचं. दोघंही टाकीसमोर खाटेवर बसून राहिले. लाइट गेली. आली. पाणी सरकायला लागलं. कोणी उठलं नाही.

"ह्यो खरा," कमळाकर म्हणाला. आता कधी निघणार, हा पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो खाटेवर त्यांच्या मध्येच बसल्यासारखा होता.

रविवारी मिरियमने फोनवर विचारलं, "लाइट गेली होती?"

"गेली व्हती. आल्यावर आपला चालू झाला."

"किती वेळा बघितलं?"

"पुष्कळ वेळा."

"मासे बरे हायत?"

बूथमध्ये उकडत होतं. नथानियलने दार पायाने थोडं उघडलं. "दोन मेले गो. दरफाळणीला मी पेणला गेलो तेव्हाच. ते फूल पण गेलं. एकच राहिलाय."

तारेतून समुद्रासारखा आवाज येत होता. "मग मला सांगितलं नाय ते?"

"तू पंप बघत होतीस."

"आता पंप हाय. मासा एकच हाय. कमळाकर सांभाळंल. आता काय अडचण हाय?"

तो विचार करू लागला. खरोखरच शोधू लागला, काय आहे ते. घर होतं, पण घराचं त्याला काही नव्हतं. अष्टमी सोडायचं दुःख म्हणावं तर तेही सापडेना.

"अडचण अशी काय नाय," तो म्हणाला. "मला काय वाटतच नाय गो. तू गेलीस तेव्हापासून. तिकडे यावंसं वाटत नाय, इथे राहावंसं पण वाटत नाय. मासे मेले तर कमळाकर रडला, मी नाय. तिकडे येऊन तुझ्यासमोर असाच बसलो तर तुला काय वाटंल? नातवाला उचलून घेतला आणि काय वाटलंच नाय तर?"

इतकं लांबलचक तो बऱ्याच महिन्यांत बोलला नव्हता. बूथवाला काचेपलीकडून उगाच दुसरीकडे बघू लागला.

"झालं बोलून?" मिरियम म्हणाली.

"व्हय."

"मग तसेच या. वाटलं नाय तरी चालंल."

"चालंल?"

"मी काय रोज रडते काय इथे? उठते, पोराला आंघोळ घालते. या तुम्ही. इथे पण बसायला जागा हाय."

पासपोर्टला आणि बाकीच्या कागदांना पुढचा उन्हाळा उजाडला. टाकी वरसे गावात कमळाकरच्या घरी गेली. टेम्पोत मागे बसून कमळाकरने बादली मांडीत धरली होती. पुतळीने टाकीसाठी भिंतीशी जागा करून ठेवली होती आणि शेजारच्या बायका बघायला जमल्या होत्या. मासा टाकीत सोडला, पंप लावला. निघताना कमळाकरने नथानियलचा हात धरून ठेवला. "नथाभाऊ, पत्ता द्या तिकडचा. ह्याचं काय झालं ते कळवत जाईन." नथानियलने पत्ता दिला. मग पुलावरून चालत घरी आला, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारी दिली.

विमानतळावर मिरियम आणि तामार आल्या होत्या. मुलगा तामारच्या मागे लपला. नथानियलने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला तिथेच राहू दिलं.

घरी जायच्या बसमध्ये मिरियम त्याच्या शेजारी बसली. ती जाडी झाली होती, केस आखूड कापले होते. खिडकीबाहेर उन्हात पांढऱ्या इमारती मागे पळत होत्या. तामारने पुढच्या सीटवरून वळून विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

"त्यांना काय विचारू नको," मिरियम म्हणाली.

तिने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि एक फोड त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती खाल्ली.

"आंबट हाय," तो म्हणाला.

"बघू." तिने एक फोड खाऊन बघितली. "हाय खरी आंबट."

नथानियल बाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने न बघताच तिच्याकडे हात पुढे केला, आणि तिने त्यावर दुसरी फोड ठेवली.